शाळेत शांत, संध्याकाळी रडवेला: एडीएचडीची गोळी आणि मुलाचं मन

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चळवळेपणा या त्रासाचं, निदान झालं आणि तीन आठवड्यांपूर्वी मेथिलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं औषध सुरू झालं. आता १० मिलिग्रॅमची साधी गोळी सकाळी पावणेसातला आणि दुपारी एक वाजता. वर्गातल्या बाई खूश आहेत, ‘एकदम शांत झालाय’ म्हणतात. डबा मात्र जसाच्या तसा परत येतो. संध्याकाळी पाच वाजले की रडारड, चिडचिड, धाकट्या बहिणीवर हात उगारणं. खाली खेळायला जाणं बंद झालंय. आणि गेल्या मंगळवारी रात्री तो अंथरुणात उठून बसला आणि ‘पायांवर मुंग्या चढल्यात’ म्हणून पाय झटकू लागला. दिवा लावला, चादर झटकली, एकही मुंगी नव्हती. सासूबाई म्हणतात, या गोळीने पोराचं डोकं फिरेल. औषध बंद करावं का?

ताई, आधी मुंग्यांचं बोलू. बाकीचं सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबायला नको. उद्या सकाळची गोळी देऊ नका, आणि ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांना उद्याच फोन करून ती रात्र जशी घडली तशी सांगा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. साध्या मेथिलफेनिडेटचा अंमल तीन-चार तासच टिकतो. तीन आठवडे या डोसवर असलेल्या मुलाची गोळी थांबवली तर शरीराला धक्का बसत नाही. फार तर तो पूर्वीसारखा बाकाखाली शिरेल. हे मी फक्त या औषधाबद्दल सांगते आहे. एडीएचडीत क्लोनिडिनही देतात, आणि ते एकदम तोडलं तर रक्तदाब उसळतो. म्हणून हे वाचून दुसऱ्या कुणी घरातली दुसरी कुठली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

अंगावर मुंग्या, किडे, साप, अळ्या दिसणं किंवा जाणवणं, हा या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-नियंत्रण संस्थेने, २००६ च्या सुमारास एडीएचडीवरच्या औषधांचे मानसिक दुष्परिणाम खोलात जाऊन तपासले आणि ती तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ४९ चाचण्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा खरं औषध घेणाऱ्यांत भास, भ्रम किंवा उन्मादाच्या ११ घटना सापडल्या. नुसती दिखाऊ, म्हणजे आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. १०० मुलं वर्षभर औषध घेत असतील तर त्यांतल्या एक-दोघांना, असा तो हिशेब निघतो. चाचण्यांच्या बाहेर, प्रत्यक्ष उपचारातून आलेल्या तक्रारीही त्यांनी वाचल्या. मुलांच्या भासांत किडे, साप आणि अळ्या पुन्हा पुन्हा येत होत्या, आणि बहुतेकांना आधी असं काहीच झालेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या मुलात आधीपासून काही ‘बिघाड’ होता आणि तो आता बाहेर आला, असं समजायचं कारण नाही.

२०१९ मध्ये आणखी एक मोठा अभ्यास आला, १३ ते २५ वर्षं वयाच्या सव्वादोन लाखांच्या आसपास रुग्णांचा. त्यात उत्तेजक औषध सुरू केल्यानंतर उपचार घ्यावे लागतील असा भास-भ्रमांचा आजार साधारण ६६० जणांमागे एकाला झाला. अ‍ॅम्फेटामिन गटातली औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण मेथिलफेनिडेटच्या दुप्पट होतं. दोन आकड्यांत फरक दिसतो, कारण पहिल्यात एखाद्या रात्रीचा भासही मोजला होता आणि दुसऱ्यात डॉक्टरांनी निदान करून औषध दिलेला आजार. आपल्याकडे उत्तेजक औषधांपैकी मुलांना लिहून दिलं जाणारं औषध मेथिलफेनिडेट. अ‍ॅम्फेटामिन घेणारी मराठी मुलं मला भेटतात ती अमेरिकेतून सुट्टीला आजी-आजोबांकडे आलेली.

असं होतं कसं? ही गोळी मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं, म्हणजे डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जास्त वेळ कामावर ठेवते. त्यामुळे बाई फळ्यावर लिहीत आहेत ही गोष्ट मुलाच्या मेंदूला खिडकीबाहेरच्या कावळ्यापेक्षा महत्त्वाची वाटू लागते. पण ‘हे महत्त्वाचं आहे’ हा शिक्का डोपामिनच मारतं, आणि एखाद्या मुलात तो शिक्का भलत्याच जागी बसतो. पायाला चादर घासली, एवढीशी संवेदना, पण मेंदू ती सोडून देत नाही, तिची मुंगी करतो.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: त्या आठवड्यात मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप चालू होतं का? सर्दीच्या औषधांत नाक मोकळं करणारे आणि गुंगी आणणारे जे घटक असतात त्यांनी लहान मुलांना स्वतंत्रपणेही भास होऊ शकतात, आणि मेथिलफेनिडेटच्या जोडीला ते नकोतच. ताप होता का, तेही सांगा. मुलं तापात बरळतात. घरात कुणी उठून मेडिकलमधून सिरप आणतं, दोन दिवस देतं आणि विसरून जातं; आमच्याकडे येईपर्यंत सगळा दोष गोळीच्या नावावर लागलेला असतो. कधी उलटंही होतं, ‘ताप होता हो’ म्हणून गोळीचा भास सोडून दिला जातो.

आणि ती रात्र पुन्हा आली तर ‘काही नाहीये, झोप’ असं म्हणू नका. त्याला खरंच जाणवतंय. ‘तुला मुंग्या लागतायत, मला दिसत नाहीत, पण मी इथेच बसले आहे’ इतकं पुरे. पाय कोमट पाण्याने पुसा, दिवा चालू ठेवा. गोळी थांबवल्यावर हे भास सहसा एक-दोन दिवसांत विरतात. विरले नाहीत, कानात कुणी बोलतंय असं तो म्हणाला, वर्गातले सगळे माझ्याविरुद्ध आहेत असं धरून बसला, दोन-दोन रात्री न झोपताही टवटवीत दिसून अखंड बोलत सुटला किंवा मरणाचं बोलला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता संध्याकाळच्या पाचकडे येते.

या औषधांमुळे मुलाच्या मनात काही बदललं असं वाटलं की मी आईवडिलांना एकच काम देते. वही करा आणि वेळ लिहा. काय झालं हे सगळे सांगतात, किती वाजता झालं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझा अर्धा निर्णय त्या वेळेत असतो. तुमची एकची गोळी पाचच्या सुमारास उतरते. सकाळपासून मेंदूला जो आधार होता तो अर्ध्या तासात निघून जातो, आणि मूल औषधाआधी होतं त्याहूनही जास्त चिडकं, हळवं, अंगावर येणारं होतं. हा गोळीचा उतार. तो सहसा तास-दीड तास टिकतो. त्यासाठी डोस वाढवायचा नसतो आणि घाबरून औषध फेकायचंही नसतं. दुपारचा डोस लहान करणं, वेळ सरकवणं किंवा हळूहळू सुटणारी, दहा-बारा तास चालणारी गोळी देणं, असे मार्ग असतात.

आणि तो परत आलेला डबा. या गोळीने भूक मरते हे तुम्हाला सांगितलं असेलच. पण सकाळी साडेसहाला अर्धा कप दूध, डब्यातली पोळीभाजी तशीच, दुपारी एकला गोळी घेऊन जेवायला बसला म्हणजे चार घास, असा दिवस काढलेलं नऊ वर्षांचं मूल पाच वाजता उपाशी असतं. त्याला भूक लागली हे कळत नाही, रडू येतं इतकंच कळतं. गोळी पुन्हा सुरू झाली तर ती पोटभर न्याहारीनंतर द्या, दुपारचं जेवण आधी आणि गोळी नंतर. पाचच्या पाऊण तास आधी, म्हणजे सव्वाचारला, त्याच्यासमोर थालीपीठ-लोणी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, जे आवडतं ते ठेवा. ‘अभ्यास काढ’ हे वाक्य पाच ते साडेसहा या वेळेत घरात उच्चारू नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत संध्याकाळचा अर्धा त्रास एवढ्याने उतरला आहे.

झोपेचंही तसंच. रात्री किती वाजता डोळा लागतो ते लिहा. दुपारची गोळी उशिरा गेली तर मूल अकरापर्यंत टक्क जागं राहतं, सकाळी सहाला उठवलं जातं, आणि आठवडाभरात आपण त्याला चिडका म्हणू लागतो.

पण संध्याकाळपेक्षा मला जास्त खटकलं ते बाईंचं वाक्य. ‘एकदम शांत झालाय.’

साडेसात ते दहा, म्हणजे गोळीचा अंमल ऐन भरात असताना, तुमचा मुलगा वर्गात कसा असतो हे बाईंना नीट विचारा. बसतो, लिहितो, मधल्या सुट्टीत मात्र पोरांबरोबर दंगा करतो, असं असेल तर औषध आपलं काम करतंय. पण मधल्या सुट्टीतही जागेवर बसून राहतो, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो, हसत नाही, असं असेल तर तो शांत झालेला नाही, मिटलेला आहे. तो खाली खेळायला जात नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला ही शंका येते. डोस त्याच्या अंगाला जास्त होत असेल तर असं होतं, आणि डोस उतरवला की मूल सहसा परत येतं. चांगली लागू पडलेली गोळी मुलाला त्याच्यासारखंच ठेवते, फक्त हातातलं काम पुरं होतं.

हे नवं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी संस्थेतल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तिथून हा सगळा उपचार सुरू झाला. जवळपास निम्म्या मुलांची अभ्यासातली प्रगती पाहून ते थक्क झाले. पण निम्म्या मुलांचे भावनिक प्रतिसाद दबल्यासारखे झाले, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. पहिलीचं कौतुक होतं, दुसरीही कौतुकातच वाहून जाते, कारण गप्प मूल कुणाला अडचणीचं नसतं. दुष्परिणाम असूनही ज्याची कुणी तक्रार करत नाही असा हाच एक.

मी स्वतः यात चुकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका रुग्णालयात असताना, सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे होती. आई प्रत्येक भेटीत म्हणायची, ‘बोटांची सालं काढत बसते हो.’ मी मान हलवायचे आणि शाळेचा अहवाल वाचायचे, कारण अहवाल उत्तम होता. चौथ्या भेटीला आईने मुलीचा हात माझ्या टेबलावर ठेवला आणि मूठ उघडली. दहाही बोटांची टोकं सोललेली, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. रोज गोळीनंतर तासाभराने ती सुरू करायची आणि दुपारपर्यंत थांबायची नाही. एकाच जागी अडकलेलं लक्ष हाही याच औषधाचा परिणाम असतो: सालं काढणं, केस उपटणं, खोडरबरने कागद फाटेपर्यंत खोडत राहणं. डोस अर्धा केला आणि दोन आठवड्यांत बोटं भरली. आईने वेळसुद्धा सांगितली होती, मी ऐकली नव्हती. वहीचा आग्रह तेव्हापासूनचा.

वेळेचा तिसरा प्रकारही लक्षात ठेवा. गोळी ऐन भरात असो, उतरलेली असो वा रविवारी दिलेलीच नसो, मूल सतत उदास, घाबरलेलं किंवा चिडलेलं असेल तर सगळं गोळीच्या माथी मारू नका. एडीएचडीबरोबर चिंता, नैराश्य, वाचन-लेखनाची अडचण या गोष्टी मुळातच पुष्कळ मुलांत असतात. शाळेत कुणी छळतंय का, घरात काही चाललंय का, हे विचारावं लागतं. चाचण्यांची बेरीज केली तर उत्तेजक औषधांनी चिंता सरासरीने वाढत नाही, उलट थोडी कमी होते. बाई रोज ओरडत नाहीत, वही पूर्ण असते, मग भीतीही कमी होते. चिडचिडीबाबतही अ‍ॅम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट यांत फरक दिसतो, पहिल्याने ती वाढते, दुसऱ्याने सरासरीने उतरते. पण सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. त्याला बरं वाटत नाही असं तो सांगत असेल तर मी त्याचंच खरं मानते.

डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, घसा साफ करणं अशा झटक्यांबद्दल पूर्वी आम्हीही घाबरायचो, झटके दिसले की गोळी बंद. २०१५ मध्ये २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात झटके नव्याने आलेली किंवा वाढलेली मुलं औषधावर ५.७ टक्के आणि दिखाऊ गोळीवर ६.५ टक्के होती. झटके आपोआप येतात-जातात, आणि नेमके ज्या वयात सुरू होतात त्याच वयात ही गोळीही सुरू होते. तरी झटके दिसले तर कळवा. एखाद्या मुलात ते खरोखर वाढतात.

सहा वर्षांखालच्या मुलांबाबत मात्र मी फार जपून असते. अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर मेथिलफेनिडेटचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात दुष्परिणामांमुळे सुमारे ११ टक्के मुलांचं औषध बंद करावं लागलं; त्यात रडणं, चिडणं, भावनांचा उद्रेक ठळक होता. एवढ्या लहान वयात आधी पालकांनी शिकायची वागण्याची पद्धत आणि बालवाडीतल्या बाईंची मदत, गोळी अगदी शेवटी.

उद्या फोन कराल तेव्हा आणखी एक सांगायचं, आणि ते घराघरात लपवलं जातं: घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर, अंगात येण्याच्या नावाखाली झाकलेला मनोविकार किंवा आत्महत्या, असं काही आहे का. माहेर आणि सासर, दोन्हीकडचं. सासूबाईंसमोर सांगणं अवघड असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटा. घराण्यात असं काही निघालं म्हणून औषधाची दारं बंद होतात असं नाही, पण आम्ही डोस अधिक हळू चढवतो आणि मुलाला लवकर लवकर बोलावतो. माझ्या एका रुग्णाच्या मामाचा आजार मला भास झाल्यानंतर कळला. आधी कळला असता तर पहिल्याच दिवशी मी त्या आईला सांगितलं असतं की रात्रीकडे लक्ष ठेवा.

पुढे काय? भास गोळीमुळेच होता असं ठरलं तर डॉक्टर बहुधा मेथिलफेनिडेट सोडून अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषध सुचवतील. ते रोज घ्यावं लागतं, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि त्यालाही स्वतःची खबरदारी आहे. २००५ मध्ये एफडीएने त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांत १,००० मुलांमागे साधारण चार जणांच्या मनात आत्महत्येचे विचार आले, दिखाऊ गोळीवर कुणाच्याच नाही. पहिले काही महिने मुलाच्या बोलण्याकडे कान हवा. सिरप किंवा ताप हे कारण निघालं तर काही दिवसांनी ५ मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू चढवता येईल. यांतलं कोणतं, हे मुलाला समोर बसवूनच ठरतं.

सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा की त्यांनी पाहिलं ते खरंच पाहिलं. नातवाच्या वागण्यातला बदल घरात सगळ्यात आधी आजीलाच दिसला असेल तर वही त्यांच्याच हाती द्या. ही गोळी शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येते, दोन प्रतींतल्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, दुकानदार एक प्रत ठेवून घेतो, हे सगळं पाहून घरात ‘नशेची गोळी’ हा शब्द येतोच. मोठ्या वयात बिनचिठ्ठीने, भलत्या डोसात घेणाऱ्यांसाठी तो कायदा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या डोसाने मुलं पुढे व्यसनी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

आणि मुलाला विचारा. आपण बाईंना विचारतो, ट्यूशनच्या सरांना विचारतो, त्याला विचारायचं राहतं. ‘गोळी घेतलीस की आत कसं वाटतं?’ एवढाच प्रश्न, आणि उत्तराला हवा तेवढा वेळ. पाचवीतला एक मुलगा मला म्हणाला होता, ‘मॅडम, गणित येतं, पण जोक सुचत नाहीत.’ मी डोस पाव हिश्श्याने कमी केला. पुढच्या भेटीला गणित होतंच, आणि आत शिरता शिरता त्याने मला एक अत्यंत वाईट जोक सांगितला.

उद्या सकाळी बाईंनाही चिठ्ठी पाठवा: ‘दोन-चार दिवस औषध थांबवलं आहे, तो जास्त हलेल, कृपया पुढच्या बाकावर बसवा आणि वही वाटायचं काम त्याला द्या.’ डॉक्टरांशी बोलणं झालं की काय ठरलं ते इथे लिहा, वहीतल्या वेळांसकट.